तारापूरचे माग आणि शिराळ्यातलं दुकान : धंदा साचलाय, हे ठरवायचं कसं?

'अमुक तालुक्यातील लघुव्यवसायांच्या समस्या व उपाययोजना : एक चिकित्सक अभ्यास.' या साच्याचा विषय तुम्ही ऐकला नसेल असं होणार नाही. कदाचित तुमच्या स्वतःच्या सिनॉप्सिसवरही तो असेल. 'अमुक'च्या जागी शिराळा घाला, वाळवा घाला, पाटण घाला. आतला मजकूर फारसा बदलत नाही. शंभर प्रश्नावल्या, टक्केवारीचे तक्ते आणि शेवटी ठरलेले निष्कर्ष: भांडवलाचा अभाव, प्रशिक्षणाचा अभाव, शासनाने लक्ष द्यावे.

हे निष्कर्ष खरेही असतील. माझी अडचण एवढीच आहे, की एकही प्रश्नावली न भरता ते लिहिता आले असते. दुकानदाराला 'तुमची अडचण काय?' असं विचारलं, की तो भांडवल म्हणणारच. पैसे कुणाला नको असतात? पण धंदा खरंच साचलाय का, साचला असेल तर कशामुळे, आणि तो हलवता येतो का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आपण तिन्हींचं उत्तर एकाच रकान्यात भरून मोकळे होतो.

हे तिन्ही प्रश्न सुटे करून पाहणारा एक गाजलेला पेपर आपल्याच राज्यातल्या कारखान्यांवर झालेला आहे. आज त्याची चिकित्सा करू. त्याचं काय घ्यावं, काय घेऊ नये, आणि शिराळ्याच्या बाजारपेठेत तो किती चालेल, ते बघू. त्याआधी एक शब्द मात्र नीट करून घेतला पाहिजे.

'साचलेला' म्हणजे नेमका कसा?

आम्हा सायन्सवाल्यांना पहिल्याच वर्षी एक फरक शिकवतात. टाकीत पाणी स्थिर आहे, कारण नळही बंद आणि गळतीही नाही. दुसऱ्या टाकीत नळ चालू आहे आणि खालून तेवढंच पाणी गळतंय. दोन्हीकडे पातळी सारखीच. पहिलीला समतोल म्हणतात, दुसरीला स्टेडी स्टेट. पातळी बघून कोणती टाकी कोणती हे कळत नाही.

दुकानाचंही तसंच आहे. एका किराणा दुकानात तीच साठ घरं वर्षानुवर्षं माल नेतात. दुसऱ्यात दरवर्षी वीस नवी घरं जोडली जातात आणि वीस तुटतात. गल्ला दोघांचा सारखाच. पहिल्याला नवीन गिऱ्हाईक कसं येईल याचा विचार करायला हवा. दुसऱ्यानं आधी गिऱ्हाईक का तुटतंय ते शोधावं. प्रश्नावलीत तुम्ही फक्त 'मासिक विक्री किती?' विचारलंत, तर दोघंही एकाच गटात पडतील आणि दोघांनाही तुम्ही तोच सल्ला द्याल.

दुसरी गोष्ट महागाईची. समजा २०१५ साली महिन्याला एक लाखाची विक्री होती आणि २०२५ सालीही एक लाखाचीच आहे. दुकानदार म्हणेल, 'चाललंय, कमी तर नाही झालं.' पण वर्षाला ५ टक्के महागाई धरली, तर आजचे एक लाख म्हणजे २०१५ चे सुमारे ६१ हजार. उलट विक्री १ लाख ६० हजारांवर गेली असेल, तर तो खुशीत असेल. प्रत्यक्षात तो आहे तिथंच आहे. म्हणून शक्य तिथं रुपयांऐवजी नग मोजा. गिरणीत किती पायली दळण आलं, टेलरकडे किती ब्लाऊज शिवून गेले, संकलन केंद्रावर किती लिटर दूध आलं. नगाला महागाई लागत नाही.

चांगले संशोधक हेच करतात. चांग-ताई शिए आणि पीटर क्लेनो यांनी २०१४ साली कारखान्यांच्या आयुष्यावर एक पेपर लिहिला. त्यात त्यांनी कामगारांची संख्या मोजली. अमेरिकेत ४० वर्षांच्या कारखान्यात पाच वर्षांच्या आतल्या कारखान्यापेक्षा सात पटींहून जास्त कामगार असतात. भारतात आणि मेक्सिकोत तेवढ्याच काळात तग धरलेले कारखाने जेमतेम दुप्पट होतात. म्हणजे छोटं राहणं ही आपल्याकडे अपवादाची गोष्ट नाही. एखाद्या दुकानाला 'साचलेलं' म्हणताना, कुणाच्या तुलनेत, हे म्हणूनच लिहावं लागतं.

तिसरी गोष्ट हंगामाची. शिराळ्यात नागपंचमीच्या आठवड्यात माहिती गोळा केलीत, तर एक चित्र दिसेल; भर पावसात, पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांतली माणसं भातलावणीत अडकलेली असताना गेलात, तर दुसरं. उसाची बिलं जमा झाल्यावर उधारी फिटते, तेव्हा तिसरं. शिवाय जिवंत नाग पकडून त्यांचं प्रदर्शन करण्यावर उच्च न्यायालयानं बंदी आणली. यात्रेच्या गर्दीवर विसंबलेल्या एखाद्या दुकानाचा आकडा त्यानंतर हलला असेल, तर त्याचा दोष दुकानदाराच्या व्यवस्थापनावर टाकता येणार नाही. कारण बाहेरचं आहे की आतलं, हे आधी वेगळं काढा.

तारापूरचा प्रयोग

आता मुख्य पेपर. नाव 'डझ मॅनेजमेंट मॅटर? एव्हिडन्स फ्रॉम इंडिया'. लेखक निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स. २०१३ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आला. प्रयोगाला सुरुवात झाली २००८ मध्ये, मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि गुजरातच्या हद्दीतल्या उंबरगाव इथल्या कापड विणणाऱ्या कारखान्यांत. सगळे घरचे धंदे, सरासरी २७० कामगार.

हे कारखाने बुडत नव्हते, हे लक्षात घ्या. वर्षानुवर्षं चालत होते, नफा कमावत होते. पण आत सुताचे गठ्ठे चिठ्ठीशिवाय पडलेले, अवजारं इकडंतिकडं, मशीन बंद पडलं की दुरुस्त करायचं, तोवर हात लावायचा नाही. कापडात दोष आला तर तो दुरुस्त करायला वेगळी माणसं. पण दोष कोणत्या मागावर, कशामुळे आला, याची नोंद धड नाही. मालकांना विचारलं तर उत्तर असायचं, की आमचा माल शेजाऱ्यापेक्षा वाईट नाही. शेजाऱ्याची अवस्था तीच असल्यामुळे ते खरंही होतं!

संशोधकांनी ३८ साध्या पद्धतींची यादी केली. मशीनची वेळेवर देखभाल, रोजच्या दोषांची नोंद, त्यावर रोज बैठक, सुताचा साठा रंग आणि लॉटप्रमाणे लावणं, जुना न खपणारा माल काढून टाकणं, असल्या गोष्टी. मग १७ कंपन्यांचे २० कारखाने चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. १४ कारखान्यांना एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीनं एक महिना निदान आणि त्यापुढं चार महिने प्रत्यक्ष मदत फुकट दिली. ६ कारखान्यांना फक्त निदानाचा महिना. हे सहा म्हणजे कंट्रोल.

निकाल असा. मदत मिळालेल्या कारखान्यांत ३८ पैकी सरासरी १४ पद्धती नव्यानं सुरू झाल्या. कापडातले दोष ४३ टक्क्यांनी घटले. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. तीन वर्षांत या कंपन्यांनी कंट्रोलपेक्षा जास्त नवे कारखाने उघडले. आधी हे का केलं नव्हतं? लेखकांच्या मते मुख्य कारण माहितीचा अभाव. पद्धती ठाऊक नव्हत्या, किंवा ठाऊक असूनही त्यातून फायदा होईल असं वाटत नव्हतं.

काय पटतं

पहिलं म्हणजे प्रश्नाची मांडणी. 'तुम्हाला काय अडचण आहे?' असं त्यांनी विचारलं नाही. एक गोष्ट बदलून पाहिली आणि काय होतं ते मोजलं. साचलेपणाचं कारण शोधायचा याहून सरळ रस्ता नाही.

दुसरं, नमुना लहान असूनही ते घाबरले नाहीत. २० कारखाने म्हणजे काहीच नाही, असं तुमचा परीक्षक म्हणेल. पण त्यांनी प्रत्येक कारखान्याची आठवड्याआठवड्याची आकडेवारी दीर्घकाळ घेतली आणि छोट्या नमुन्याला चालतील अशाच सांख्यिकी चाचण्या वापरल्या. शंभर दुकानांत एकेकदा जाऊन येण्याऐवजी दहा दुकानांत वर्षभर दर आठवड्याला गेलात, तर साचलेपणाबद्दल तुम्हाला जास्त कळेल. कारण साचणं ही काळाच्या अंगानं घडणारी गोष्ट आहे. एका दिवसाच्या प्रश्नावलीत ती सापडणं अवघड.

तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि पेपरचा गोषवारा वाचून सोडणाऱ्यांच्या ते नजरेतून सुटतं. ज्यांना फक्त निदान मिळालं, त्या कंट्रोल कारखान्यांतही ३८ पैकी सरासरी चार-पाच पद्धती नव्यानं आल्या. म्हणजे कुणीतरी महिनाभर येऊन 'तुमच्याकडे हे असं आहे' एवढं मोजून दाखवलं, त्यातूनही थोडं हललं. पण पूर्ण मदत मिळालेल्यांच्या मानानं एक तृतीयांशच. ओळखणं आणि उलटवणं यांतलं अंतर या दोन आकड्यांत दिसतं. एका दिवसाच्या शिबिरात पॉवरपॉइंट दाखवून उद्योजक घडवण्याच्या कार्यक्रमांची किंमत ठरवताना हे अंतर जवळ ठेवा.

कुठं खटकतं

आता दुसरी बाजू. प्रयोगासाठी योग्य अशा ६६ कंपन्यांशी संपर्क केला होता. तयार झाल्या १७. सल्ला फुकट असूनही! म्हणजे निकाल लागू होतो तो 'या, बघा' म्हणणाऱ्या मालकांना. उरलेल्या ४९ जणांनी दार उघडलंच नाही. साचलेपण जिथं सर्वांत घट्ट असेल, ती जागा बहुधा तीच. आणि तिच्याबद्दल पेपर फार काही सांगू शकत नाही. तुमच्या अभ्यासातही 'माहिती देण्यास नकार दिला' अशी दुकानं असतील. ती गाळून टाकू नका. किती होती, कुठली होती, बाहेरून दिसतं तेवढं तरी लिहा.

दुसरी शंका नफ्याबद्दल. कारखान्यामागे वर्षाला तीन लाख डॉलरहून जास्त फायदा झाला, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो हिशेबाच्या वह्यांतून आलेला नाही. दोष, साठा आणि उत्पादन यांतल्या बदलांवरून लेखकांनी बांधलेला तो अंदाज आहे. अंदाज वाजवी आहे आणि लेखक ते लपवत नाहीत. पण तुम्ही तो उद्धृत करताना 'मोजलेला नफा' असं लिहिलंत, तर ते चूक ठरेल.

तिसरी गोष्ट जास्त खोलची आहे. याच पेपरात एक निरीक्षण आहे: कंपनी किती मोठी, याचा अंदाज व्यवस्थापनाच्या गुणांपेक्षा घरात पुरुष माणसं किती यावरून जास्त चांगला येतो. मालक परक्या मॅनेजरच्या हाती कारभार देत नाही, कारण विश्वास नाही. म्हणून भाऊ आणि मुलगे जितके, तितकाच धंदा पसरतो. आपल्याकडे 'घरचं माणूस गल्ल्यावर पाहिजे' म्हणतात, तेच हे. पण मग गोषवाऱ्यात माहितीचा अभाव हे मुख्य कारण का? पद्धती न स्वीकारण्याचं कारण माहिती असेल, पण धंदा न वाढण्याचं कारण विश्वास असू शकतो. लेखकांनी दोन्ही सांगितलं आहे. वाचणारे मात्र पहिलंच घेऊन जातात. 'प्रशिक्षण द्या' ही शिफारस पहिल्या कारणावरचं औषध आहे, दुसऱ्यावर तिचा उपयोग नाही.

आणि त्या मोजणीत फक्त पुरुष का? कंपनीचे संचालक तेच होते म्हणून, हे उत्तर तारापूरला चालेल. शिराळ्यात ते चालणार नाही. इथं कित्येक घरांतले पुरुष कामासाठी मुंबईला गेलेले असतात, आणि मागं दुकान, गोठा, शिवणकाम बायकाच बघतात.

नऊ वर्षांनी परत

या संशोधकांचं मला सर्वांत कौतुक वाटतं ते पुढच्या पेपरासाठी. २०१७ साली, म्हणजे सुरुवातीनंतर नऊ वर्षांनी, ते परत त्या कारखान्यांत गेले. २०२० साली त्याचा निकाल छापला. नव्यानं आलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. तरीही मदत मिळालेले आणि न मिळालेले यांच्यातला फरक मोठाच होता. पद्धती त्याच कंपनीच्या इतर कारखान्यांत पसरल्या, पण शेजारच्या कंपनीत फारशा गेल्या नाहीत.

पद्धती का सुटल्या? सांगितलेल्या कारणांपैकी दोन ठळक: मॅनेजर बदलला, आणि मालकाला वेळ राहिला नाही. नोंदी लिहिणारा माणूस गेला, की नोंदवही बंद. ती उघडायला लावणारा मालक दुसऱ्या कामात.

हा दुसरा पेपर नसता, तर पहिल्याचं वाचन अर्धवट राहिलं असतं. तुम्ही हस्तक्षेपाचा कुठलाही अभ्यास वाचाल, तेव्हा विचारा: हे परत कधी गेले? तीन महिन्यांनी गेले असतील, तर उत्साह मोजला असेल. पीएचडीच्या चार-पाच वर्षांत नऊ वर्षं बसत नाहीत, हे मान्य. पण पहिल्या वर्षी कामाला लागलात, तर तिसऱ्या वर्षी परत जाता येतं.

२७० कामगारांवरून तीन माणसांवर

तारापूरचा कारखाना आणि शिराळ्यातली पिठाची गिरणी यांना एका मापानं मोजायचं का? कागदावर दोघांनाही छोटे उद्योगच म्हणतात. एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येत 'सूक्ष्म' उद्योगाची उलाढालीची मर्यादाच १० कोटी आहे. म्हणजे गावातलं किराणा दुकान आणि नऊ कोटींचा कारखाना एकाच शब्दात बसतात. सिनॉप्सिसमध्ये 'लघुव्यवसाय' लिहिताना तुमचा लघु किती लघु, हे आकड्यात लिहा.

छोट्या दुकानांवरचं संशोधन वेगळं आहे, आणि ते वाचल्यावर तारापूरचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. श्रीलंकेत सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुडरफ यांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या छोट्या धंद्यांना दहा किंवा वीस हजार श्रीलंकन रुपयांचं भांडवल दिलं. २००८ साली छापलेल्या या अभ्यासात भांडवलावरचा परतावा महिन्याला सुमारे ५ टक्के निघाला, बाजारातल्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे तिथं भांडवल कमी पडत होतं, हे खरं ठरलं. पण पुढं त्यांनीच बायकांचे आणि पुरुषांचे धंदे वेगळे केले, तेव्हा बायकांच्या धंद्यात हा परतावा दिसला नाही. बायकांना धंदा जमत नाही, असा अर्थ काढायला काही जण टपलेलेच असतात! २०१९ साली भारत, श्रीलंका आणि घाना इथली माहिती घेऊन बर्नहार्ट, फील्ड, पांडे आणि रिगोल यांनी दाखवलं, की ज्या घरात दुसरा धंदा असतो तिथं बाईच्या नावानं आलेलं भांडवल बऱ्याचदा नवऱ्याच्या धंद्यात जातं. घरात तिचा एकटीचाच धंदा असेल, तर तिचा परतावा पुरुषांपेक्षा कमी नसतो. नुसतं 'दुकान' हे एकक धरलं असतं, तर हे दिसलं नसतं. घर धरल्यावर दिसलं.

प्रशिक्षणाबद्दलही तेच. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ड्रेक्सलर, फिशर आणि शोआर यांनी एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं आणि दुसऱ्याला फक्त सोपे नियम दिले. उदाहरणार्थ, घरचे पैसे आणि दुकानाचे पैसे वेगळे ठेवायचे. सोपे नियम जास्त उपयोगी ठरले. टोगो देशात दीड हजार छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या प्रयोगात नेहमीच्या व्यवसाय प्रशिक्षणाचा परिणाम ठामपणे सांगण्याइतका नव्हता. पुढाकार घ्यायला, नवं करून बघायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणानं मात्र नफा ३० टक्क्यांनी वाढला. 'प्रशिक्षणाचा अभाव' असं लिहिताना कुठल्या प्रशिक्षणाचा, हे सांगितलं नाही, तर वाक्य रिकामं राहतं.

शिराळ्यात काय मोजाल?

तारापूरच्या ३८ पद्धतींची यादी शिराळ्यात आणू नका. तिच्यामागचा प्रश्न आणा: पैसा, वेळ आणि माल कुठं अडकून पडलाय, आणि मालकाला ते दिसतंय का?

तारापूरला पैसा सुताच्या ढिगात अडकला होता. गावातल्या दुकानात तो बहुतेक वेळा उधारीच्या वहीत असतो. एकूण उधारी किती, त्यातली सहा महिन्यांपेक्षा जुनी किती, एवढे दोन आकडे दर महिन्याला काढून बघा. उधारी म्हणजे नुसती गळती नव्हे, हेही ध्यानात ठेवा. दुधाचं किंवा उसाचं बिल येईपर्यंत गिऱ्हाईक धरून ठेवायची ती रीत आहे. सरसकट 'उधारी बंद करा' असा सल्ला शहरात बसून देणं सोपं आहे. जुनी उधारी वाढतेय की फिरतेय, हे बघा.

दुसरं, घर आणि दुकान. आता बहुतेक काउंटरवर क्यूआर कोड आहे. त्याच खात्यातून किराण्याचे पैसे येतात आणि मुलाची फीही जाते. संशोधकाला यात सोय आहे, कारण मालकानं परवानगी दिली तर तारीखवार नोंद आयती मिळते. पण रोखीचा व्यवहार त्यात नाही आणि घरखर्च मिसळलेला आहे, म्हणून तो आकडा म्हणजे विक्री असं समजू नका. नफा विचारायचा झाला, तर डी मेल आणि सहकाऱ्यांचाच दुसरा एक पेपर वाचा. खर्चाचे आणि विक्रीचे पन्नास उपप्रश्न विचारून वजाबाकी करण्यापेक्षा 'गेल्या महिन्यात सगळा खर्च जाऊन हातात किती राहिले?' असा सरळ प्रश्न जास्त बरोबर उत्तर देतो, असं त्यांना आढळलं.

तिसरं, मेहनतीचा हिशेब. समजा नवरा-बायको दोघं रोज दहा तास, महिन्यातले २६ दिवस दुकानात बसतात आणि महिन्याला १८ हजार सुटतात. तास झाले ५२०. म्हणजे तासाला जेमतेम ३५ रुपये. दुकान नफ्यात आहे असं आपण लिहितो, कारण दोघांच्या मजुरीची नोंद कुठंच नाही. हा आकडा समोर ठेवला, की काही दुकानं साचलेली दिसतील आणि काही आतून खचत चाललेली. पण इथं घाई नको. घराला लागून असलेलं दुकान म्हाताऱ्या आईला सांभाळत चालवता येतं, मुलांवर लक्ष राहतं. त्या घराच्या दृष्टीनं तो धंदा जिथं आहे तिथं ठीक असू शकतो. वाढायचं नाही असं ठरवून लहान राहिलेला धंदा आणि वाढायची इच्छा असून अडलेला धंदा, यांना एकच नाव देऊ नका. मालकाला विचारून ते दोन गट वेगळे करा.

चौथं, यशोगाथा. सांगली जिल्ह्यात उद्योगाचा विषय निघाला, की लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली उभारलेली किर्लोस्करवाडी आणि भिलवडीला १९३९ साली सुरू झालेला चितळ्यांचा दूधधंदा यांची नावं येतातच. लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना नांगर विकायची जिद्द खरीच मोठी. पण तशीच जिद्द असूनही जे पुढं गेले नाहीत, त्यांची नावं आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. फक्त पोहोचलेल्यांकडं बघून 'जिद्द असेल तर धंदा वाढतो' असा निष्कर्ष निघतो. बंद पडलेली दुकानं शोधा. शटरवरची पुसट पाटी, जुना परवाना, शेजाऱ्याची आठवण, जे मिळेल ते. त्यांच्याशिवाय तुमचा नमुना अर्धाच आहे.

हस्तक्षेप करणार असाल तर

दहा-बारा दुकानं घ्या. सगळ्यांचं निदान करा आणि कागदावर दाखवा. निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकून, एकच बदल करायला तीन महिने मदत करा. जुन्या उधारीची वेगळी यादी किंवा न खपणाऱ्या मालाचा वेगळा फळा. एका वेळी एकच, कारण पाच गोष्टी बदलल्यात तर कशामुळे हललं ते कळणार नाही. नोंद कोण लिहिणार हे पहिल्याच दिवशी ठरवा, आणि ती व्यक्ती नसेल तेव्हा कोण, हेही. तारापूरचा नऊ वर्षांचा धडा हाच आहे. वर्षानं परत जा. उरलेल्या निम्म्यांनाही अभ्यास संपल्यावर तीच मदत द्या. त्यांनी तुम्हाला वर्षभर आपले आकडे दाखवलेले असतात.

गुप्ततेचं मात्र जपा. 'प्रतिसादक क्रमांक ७, स्टँडजवळचा सायकलवाला' असं लिहिलंत, की शिराळ्यात सगळ्यांना कळतं तो कोण. त्याची उधारी आणि तासाचे ३५ रुपये प्रबंधात छापून आले, तर उद्या घाऊक व्यापारी त्याला माल देताना दोनदा विचार करेल. मोठ्या शहरात नाव काढलं की भागतं. तालुक्याच्या गावात धंद्याचा प्रकारही झाकावा लागतो.

आता तुमचा सिनॉप्सिस परत काढा. 'समस्या व उपाययोजना' खोडा आणि त्या जागी एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर आज तुम्हाला माहीत नाही. 'निदान दाखवल्यावर किती दुकानदार स्वतःहून बदल करतात आणि वर्षानं त्यातलं काय उरतं?' हा असा एक प्रश्न झाला. उत्तर 'फारसं काही नाही' असं आलं, तरी तो निष्कर्षच आहे, आणि शिराळ्याबद्दल तो आधी कुणाला माहीत नव्हता.